तारापूरचा अणू व धर्मांची तुलना

धर्मांची तुलना करणें हें आमच्या देशांत सर्वांत सोपें काम होऊन बसलें आहे. त्यासाठीं ग्रंथ वाचावा लागत नाहीं, गुरु करावा लागत नाहीं, कीं दुसऱ्या धर्माचा एखादा मनुष्य ओळखीचा असावा लागत नाहीं. डहाणूहून मुंबईकडे निघालेल्या गाडींत बोईसर व पालघरचे चाकरमाने चढले, आणि त्यांपैकीं एकानें हा विषय काढला, म्हणजे गाडी वैतरणा ओलांडण्याच्या आंत जगांतील सर्व धर्मांचा निकाल लागलेला असतो. निकालाची रीतही ठरलेली आहे. आपल्या धर्माचीं वचनें घ्यावयाचीं व दुसऱ्याच्या धर्माचें वर्तन घ्यावयाचें. आपल्याकडील संत एका पारड्यांत व दुसऱ्याकडील गुंड दुसऱ्या पारड्यांत टाकावयाचे. आणि तागडी आपल्या बाजूस झुकली म्हणजे समाधानानें खिडकीबाहेर पाहावयाचें. दुसरा पक्ष हीच क्रिया उलट्या बाजूनें करतो व तोही तितकाच समाधानी असतो. ही तुलना नव्हे. खोट्या मापानें चाललेला हा व्यापार आहे.

व्यापार खोटा असला तरी त्याची किंमत खरी मोजावी लागते. १६ एप्रिल २०२० रोजीं रात्रीं डहाणू तालुक्यांतील गडचिंचले गांवीं दोन साधु व त्यांचा मोटारचालक यांना जमावानें ठार मारलें. टाळेबंदीच्या त्या दिवसांत चोर व मुलें पळविणारे फिरत आहेत अशी अफवा आसपासच्या पाड्यांवर पसरली होती; त्या अफवेनें तीन निरपराध जीव घेतले. गुन्हा घोर होताच. परंतु तपास पुरता सुरू होण्यापूर्वींच, ज्यांना गडचिंचले नकाशावर दाखवितां आलें नसतें अशा दूरदूरच्या लोकांनीं त्या गुन्ह्याचा धर्म ठरवून टाकला. कोणीं एका धर्माकडे बोट दाखविलें, कोणीं दुसऱ्याकडे, कोणीं एका राजकीय पक्षाकडे. शेवटीं, अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाहीं, हें राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीरपणें सांगावें लागलें. त्या रानांतील माणसें कोणास पूजितात, कशास भितात, परक्या मनुष्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहतात, हा प्रश्न मात्र त्या गोंगाटांत क्वचितच कोणाच्या तोंडीं आला.

वास्तविक १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा झालेला हा पालघर जिल्हा म्हणजे धर्मांच्या अभ्यासाची उघडी शाळा आहे. त्याच्या दक्षिण भागांत सोपारें. तेथें १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं बौद्ध स्तूप उकरून काढला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेथेंच मिळाला, व नवव्याचा तुकडा १९५६ सालीं जवळच्या भुईगांवीं सांपडला. याच लेखमालेंतील बारावा लेख गिरनारास वाचावयास मिळतो. आपल्या पंथाची स्तुति व परक्या पंथाची निंदा करतांना जीभ आवरावी, असा त्याचा आशय आहे. सोपाऱ्यास तो बारावा लेख मिळालेला नाहीं. गाडींतील आमच्या मित्रांची त्याशीं गांठ पडली नाहीं, याचें कारण बहुधा हेंच असावें! उत्तर टोंकास बोर्डीजवळ बहरोटच्या गुहा. संजाण पडल्यावर पारशांनीं आपला इराणशाह अग्नि बारा वर्षें तेथें राखला, अशी त्यांची परंपरा सांगते. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ सालीं जपानांत नागासाकीस क्रुसावर मेले व १८६२ सालीं संतपदास चढले. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं बायबल आजच्या मराठींत आणलें व २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें. आणि या सर्वांच्या पाठीशीं, डोंगराच्या बाजूस, वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी. २०११ च्या गणनेप्रमाणें जिल्ह्यांत शेंकडा सुमारें ३७ लोक आदिवासी आहेत.

तुलनेचा खरा वस्तुपाठ देणारा पुरुषही याच मातींतला. केळवें-माहीमचे शंकर वामन ऊर्फ सोनोपंत दांडेकर (जन्म १८९६), ज्यांचें नांव पालघरचें महाविद्यालय चालवितें, ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व निष्ठावंत वारकरी. त्यांनीं ज्ञानदेव व प्लेटो यांवर तौलनिक ग्रंथ लिहिला. ज्ञानदेव हें त्यांचें आराध्य; पण त्यांच्या शेजारीं बसविण्यास त्यांनीं ग्रीकांतील एखादा सामान्य पंडित निवडला नाहीं, सर्वांत थोर निवडला. उंचीस उंची लावून पाहावी, हा आमच्या मतें तुलनेचा पहिला नियम होय. दुसरा नियम असा कीं, सर्वांस प्रश्न एकच विचारावा. एकास ईश्वराविषयीं, दुसऱ्यास विवाहाविषयीं व तिसऱ्यास युद्धाविषयीं विचारून निकाल देणारा न्यायाधीश कोणासही मान्य होणार नाहीं.

असा एक सामान्य प्रश्न तारापूरच्या किनाऱ्यावर उभा आहे. तेथील अणुवीज केंद्र हें भारतांतील पहिलें. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशीं १९६४ सालीं करार झाला, आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून पहिले दोन संच रीतसर वीज देऊं लागले. तेथें काय चालतें हें शाळेंतील मुलासही सांगतां येतें: युरेनियमच्या अणूचें केंद्रक फोडावयाचें, निघालेल्या उष्णतेनें पाण्याची वाफ करावयाची, व त्या वाफेनें चक्र फिरवावयाचें. परंतु जग कशाचें बनलें आहे, त्याचा अगदीं शेवटचा कण कोणता, आणि त्या कणास हालवितो कोण, हे प्रश्न युरेनियमच्या शोधाहून फार जुने आहेत. जगांतील बहुतेक मोठ्या दर्शनांनीं त्यांस उत्तरें दिलेलीं आहेत. तींच येथें शेजारीं शेजारीं मांडून पाहूं.

प्रथम घरांतील. कणादाच्या वैशेषिक दर्शनाप्रमाणें पृथ्वी, आप, तेज व वायु यांचे परमाणु नित्य व अविभाज्य आहेत. दोन परमाणूंचें द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचें त्र्यणुक. झरोक्यांतून आलेल्या उन्हांत जो रजःकण नाचतांना दिसतो तें हें त्र्यणुक. परमाणूंस प्रथम गति देतें तें अदृष्ट, म्हणजे जीवांच्या पूर्वकर्मांचें सांचलेलें बळ; पुढें प्रशस्तपादानें त्यावर महेश्वराच्या इच्छेची स्थापना केली. म्हणजे येथें सृष्टीचा पदार्थविज्ञानाशीं जितका संबंध आहे तितकाच न्यायाशीं आहे. कण हालतात ते कोणाचें तरी पापपुण्य फळास यावें म्हणून. येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. अणुबाँब आमच्या कणादाला ठाऊक होता, असें छाती पुढें काढून सांगणारे व्याख्याते अधूनमधून उगवतात. कणादाचा परमाणु व्याख्येनेंच फुटत नाहीं. तारापूरचें केंद्र चालतें तें अणु फुटतो म्हणून. या दोहोंस एक म्हणणारा मनुष्य कणादाचा गौरव करीत नसून नकळत त्याचा पराभव जाहीर करीत असतो. कणादाचें मोठेपण उत्तर बरोबर येण्यांत नाहीं. डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूविषयीं तर्कानें इतकें दूर जाण्यांत आहे.

या परमाणुवादावर कडाडून हल्ला केला तो कोणीं? परधर्मीयांनीं तर केलाच. पण शंकराचार्यांनीं कमी केला नाहीं. ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायांत ते विचारतात कीं, ज्यास अवयवच नाहींत असे दोन कण एकमेकांस चिकटणार कोणत्या बाजूनें? आणि अचेतन अदृष्ट अचेतन कणास हालविणार कसें? आतां याच्या पूर्वींचा बौद्ध आचार्य वसुबंधु काढून पाहावा. त्याचा आक्षेप असा कीं, एका परमाणूस सहा दिशांनीं सहा परमाणु भिडले तर त्याच्या सहा बाजू झाल्या, म्हणजे तो अविभाज्य राहिला नाहीं; आणि बाजूच नाहींत म्हणावें तर सातही एकाच जागीं मावतील व पर्वताचा कण होईल. दोन्ही आक्षेपांचा चेहरामोहरा एकाच घराण्यांतला वाटतो. बौद्ध मताचें खंडन करणारे आचार्य व बौद्ध पंडित हे येथें एका बांकावर बसले आहेत, आणि त्यांच्या समोरच्या बांकावर वैदिक कणाद व बौद्धांतलेच वैभाषिक. वैभाषिकांना परमाणु मान्य. मात्र त्यांचा परमाणु क्षणिक आहे, नित्य नाहीं.

जैनांचें उत्तर याहून निराळें. त्यांच्या मतें परमाणूंच्या चार जाती नाहींत. पुद्गल एकच, व रस, गंध, वर्ण, स्पर्श हे गुण बदलून त्याचें सर्व कांहीं बनतें. स्निग्ध व रूक्ष या गुणांमुळें कण जुळतात, असें उमास्वातीचें तत्त्वार्थसूत्र सांगतें. सर्वांत धीट गोष्ट म्हणजे जैनांच्या घरीं कर्म हेंही पुद्गलच आहे. सूक्ष्म धूळ ओल्या कपड्यास चिकटावी तसें तें जीवास चिकटतें. हालविणाऱ्या ईश्वराची त्यांना गरज लागली नाहीं. लोकायतिकांना तर जीवही वेगळा लागला नाहीं. चार भूतें एकत्र आलीं कीं चैतन्य उत्पन्न होतें, जशी किण्व पडतांच रसांत मादकता येते. ताडीचा चढ ज्यांनीं पाहिला आहे त्या आमच्या किनाऱ्यावर हा दृष्टांत फोडून सांगण्याचें कारण नाहीं.

आतां इस्लामकडे वळूं. अश्अरी पंथाच्या मुतकल्लिमांनीं जग कणांचें बनलेलें मानलें, परंतु कणांचे गुण दोन क्षणही टिकत नाहींत असें म्हटलें. प्रत्येक क्षणीं ईश्वर ते नव्यानें उत्पन्न करतो. म्हणून ११११ सालीं दिवंगत झालेला गझाली म्हणूं शकला कीं कापूस अग्नीनें जळत नाहीं. अग्नीच्या सान्निध्यांत ईश्वर तो जाळतो. वैभाषिकांच्या क्षणिक परमाणूशेजारीं हें मत ठेवून पाहिलें म्हणजे मौज वाटते: जग क्षणोक्षणीं नवें आहे याविषयीं दोघांत साम्य, एकाच्या घरीं त्या नवेपणास कर्ता एकमेव ईश्वर, दुसऱ्याच्या घरीं कर्ताच नाहीं. गझालीला सडेतोड उत्तर दिलें तें स्पेनांतील काजी इब्न रुश्द यानें; कार्यकारणभाव नाकारला म्हणजे ज्ञानच नाकारलें, असा त्याचा आशय. दोघेही पांच वेळां एकाच दिशेस तोंड करणारे.

ख्रिस्ती जगांत टॉमस अक्वायनस अॅरिस्टॉटलच्या वाटेनें गेला, व त्या वाटेवर परमाणूला थारा नव्हता. पुढें सतराव्या शतकांत त्याच चर्चच्या प्येर गासेंदी नांवाच्या फ्रेंच धर्मगुरूनें निरीश्वर म्हणून हिणविलेला एपिक्यूरसचा परमाणु उचलला आणि तो ईश्वरानें निर्मिलेला आहे असें म्हणून त्यास जणूं बाप्तिस्मा दिला. याच एपिक्यूरसचा दुसरा वारस आमच्या जिल्ह्यास अधिक परिचित आहे. कार्ल मार्क्सनें १८४१ सालीं पदवीसाठीं जो प्रबंध लिहिला, तो डेमॉक्रिटस व एपिक्यूरस यांच्या सृष्टिविचारांतील भेदावर. तलासरी-डहाणूच्या पाड्यांवर लाल बावटा लावणाऱ्यांपैकीं कितीजणांस हें ठाऊक असेल, सांगवत नाहीं.

पारशांचें दर्शन कणापर्यंत उतरत नाहीं, पण जडसृष्टीविषयीं तें जें सांगतें तें ऐकण्यासारखें आहे. आकाश, पाणी, पृथ्वी, वनस्पति, पशु, मनुष्य व अग्नि ही अहुरमज्दाची निर्मिति, म्हणून मुळांत शुद्ध. मल येतो तो बाहेरून, अहरिमानाच्या आक्रमणानें. जड म्हणजे बंधन असें ज्या दर्शनांत मानलें जातें त्यांच्या हें अगदीं उलट आहे. भारताच्या अणुसंशोधनाचा पाया घालणारे होमी भाभा याच समाजांतले. आणि पाणी विटाळणें हें पाप मानणारा धर्म ज्या किनाऱ्याला लागला, त्याच किनाऱ्याच्या मच्छिमारांना तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्यासाठीं हरित लवादाच्या दारीं जावें लागलें, हेंही येथेंच नमूद केलेलें बरें.

एवढें मांडल्यावर ज्यास डोळे आहेत त्यास दिसेल कीं, मतभेदाची रेघ धर्माधर्मांच्या सीमेवरून जात नाहीं. ती प्रत्येक धर्माच्या माजघरांतून जाते. हिंदूंचें मत काय, मुसलमानांचें मत काय, असा प्रश्न गाडींत फेंकला जातो तेव्हां तो प्रश्नच चुकलेला असतो. कोणत्या हिंदूचें? कणादाचें कीं शंकराचार्यांचें? कोणत्या मुसलमानाचें? गझालीचें कीं इब्न रुश्दचें? ज्याला आपल्याच घरांतील भांडण ठाऊक नाहीं, तो दुसऱ्याचें घर एकजीव आहे असें समजतो आणि त्याची भीति बाळगतो. सरसकट सर्व धर्म सारखेच आहेत असें म्हणणाऱ्या गोड माणसांशींही आमचें जमत नाहीं. ईश्वर क्षणोक्षणीं जग घडवितो हें मत आणि ईश्वरच नाहीं हें मत सारखें नव्हे. तें सारखें आहे म्हणणें हा दोघांचाही अपमान आहे.

परंतु आमच्या या मांडणींत एक दोष राहिला आहे, व तो आम्हीं स्वतःच सांगितला पाहिजे. अणूचा प्रश्न पोथ्या बाळगणाऱ्यांचा प्रश्न आहे. प्रश्न कोणी निवडला यावर अर्धा निकाल अवलंबून असतो. डॉ. आंबेडकरांनीं धर्मांची तुलना केली तेव्हां जग कशाचें बनलें हें त्यांनीं प्रथम विचारलें नाहीं. तुमचा धर्म बुद्धीस पटतो काय, तो समता मानतो काय, तो दारिद्र्यास पवित्र ठरवितो काय, असें विचारलें. वर्षानुवर्षें विचारलें, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास लाखों अनुयायांसह आपला निर्णय अमलांत आणला. गेल्या शतकांत या देशांत धर्मांची याहून गंभीर तुलना दुसऱ्या कोणीं केल्याचें आम्हांस दिसत नाहीं.

मग वारली स्त्रीनें प्रश्न विचारला तर? तिचा प्रश्न कदाचित् असा असेल: तुमच्याकडे लग्न कोण लावतें? वारल्यांच्या लग्नांत पौरोहित्य करते ती धवलेरी, म्हणजे स्त्री. तिच्या गाण्यांवांचून लग्न लागत नाहीं. घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें सवाष्णी चौक लिहितात व त्यांत पालघट देवी बसवितात. या एका प्रश्नावर मोठमोठ्या धर्मांना खालीं मान घालावी लागते. कॅथलिक चर्चनें स्त्रियांस धर्मगुरुपद देतां येत नाहीं असें १९९४ सालीं पुन्हां एकदां निक्षून सांगितलें. आमच्या पारशी बंधूंचे मोबेद पुरुषच. निकाह लावण्यास येतो तो रूढीनें काजीच. बौद्ध भिक्षुणीसंघ कित्येक देशांत शतकानुशतकें लुप्त झाला व त्याच्या पुनरुज्जीवनावर अजून वाद आहे. आणि आम्हां हिंदूंना पुण्यांत स्त्री-पुरोहितांचे वर्ग निघाले याचें कौतुक वाटावयास विसावें शतक सरत यावें लागलें. धवलेरीला यांपैकीं कोणाचीच परवानगी लागली नव्हती.

तिचा दुसरा प्रश्न धान्याचा असेल. कणसरी ही वारल्यांची धान्यदेवता. कणीस हेंच तिचें रूप. ज्याच्या घामानें कणसरी घरीं येते त्याच्याच घरांत ती कां राहत नाहीं? मे १९४५ मध्यें तलासरीजवळ झरीस वारली जमले व वेठ करणार नाहीं असें त्यांनीं ठरविलें, तेव्हां हाच प्रश्न उभा होता. गोदावरी परुळेकरांनीं तो इतिहास ‘जेव्हां माणूस जागा होतो’ या पुस्तकांत लिहून ठेविला आहे. लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं जमीनदाराच्या दारीं जन्मभर राबणाऱ्या लग्नगड्यांचे धनी कोणत्या एका धर्माचे नव्हते; हिंदू होते, पारशी होते, मुसलमान होते. परमाणूविषयीं या धर्मांत किती मतभेद होता तें वर आलेंच आहे. वेठ घेण्याविषयीं मात्र एकमत होतें.

हा सर्व अभ्यास कोठें व्हावा? शाळा-महाविद्यालयांत. येथें राज्यघटनेचा २८ वा अनुच्छेद आड येतो असें सांगितलें जातें, तें अर्धवट आहे. संपूर्ण सरकारी खर्चानें चालणाऱ्या शाळेंत धर्माचें शिक्षण देण्यास त्या अनुच्छेदानें मनाई केली. धर्मांविषयींच्या शिक्षणास नव्हे. हा भेद १९६४–६६ च्या कोठारी आयोगानें स्पष्ट केला व २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तो मान्य केला. अडचण कायद्याची नसून धैर्याची आहे. महात्मा फुले यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकां’त (१८९१) अशा कुटुंबाची कल्पना आहे कीं, ज्यांत आई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध व्हावी, बापानें बायबल वाचून ख्रिस्ती व्हावें, मुलीनें कुराण वाचून मुसलमान व्हावें, मुलानें सत्यधर्म स्वीकारावा, आणि सर्वांनीं एका घरांत एकमेकांचा हेवा न करतां नांदावें. वाचून, हा शब्द त्यांत महत्त्वाचा. बोईसरच्या चाळींतून एका खोलींत चार प्रांतांचे व दोन-तीन धर्मांचे कामगार आजही राहतात. एकत्र शिजवितात, एकत्र भाडें भरतात. त्यांना एकत्र राहण्याचें शिक्षण कोणीं देण्याची गरज नाहीं. एकमेकांविषयीं त्यांच्या कानांवर जें पडतें, तें देणारे दुसरे आहेत.

पालघर, बोईसर व डहाणू येथील महाविद्यालयांनीं एवढें तरी करावें: प्रत्येक वर्षीं एक प्रश्न घ्यावा, प्रत्येक परंपरेंतील निदान दोन परस्परविरुद्ध मतें वाचावीं, आणि एका वर्षीं प्रश्न निवडण्याचा अधिकार पाड्यावरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना द्यावा. खर्च फार नाहीं. जी माहिती लागेल तिचा पुष्कळसा भाग मराठींत आहे. विनोबांनीं कुराणाचें व ख्रिस्तधर्माचें सार काढून ठेविलें आहे, साने गुरुजींनीं इस्लामी संस्कृतीवर लिहिलें आहे. वारल्यांविषयीं मात्र वाचून भागणार नाहीं. धवलेरीकडेच जाऊन बसावें लागेल, आणि ती म्हातारी आहे.

तूर्त स्थिति अशी आहे कीं, आश्रमशाळेंत वारली मूल दाखल होतें तेव्हां अर्जावर धर्माचा एक रकाना असतो. तो बहुधा गुरुजीच भरतात, मुलाच्या आईस न विचारतां. पुढें तीच मुलगी इतिहासाच्या तासाला जगांतील प्रमुख धर्मांचीं नांवें पाठ म्हणून दाखविते. तिची आजी धवलेरी आहे हें वर्गांत कोणास ठाऊक नसतें.